माउलीचा झरा आणि निळं मेण

जॉयने बाटली दगडी पन्हळीखाली धरली आणि वाट बघत बसला. केडगावहून सुट्टीला उंबरझरीत आलं, की काकांच्या घरात पाऊल टाकण्याआधी माउलीच्या झऱ्याचं पाणी प्यायचं, हा त्याचा आणि शॅरनताईचा दरवर्षीचा नेम. पण आज थेंब पडेना. पन्हळीतून एक मुंगळा तेवढा बाहेर आला, आणि तोही तहानलेला दिसला.

"ताई, झरा आटलाय," जॉय म्हणाला. मग त्याने मान वर केली. "आणि माउलीला बाथरूममध्ये का उभं केलंय?"

शॅरनला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. गेल्या मे महिन्यात मारिया माउलीच्या पुतळ्यामागे काळा कातळ होता, त्यातली अंधारी कपार होती आणि उंबराची मुळं होती. आता त्या सगळ्यावर गुलाबी टाइल्स चमकत होत्या. कपारीच्या जागी कुलूप लावलेलं एक छोटं स्टीलचं दार होतं.

हा झरा म्हणजे उंबरझरीचा जीव. गावात सांगतात, की फार जुन्या दुष्काळात एका ख्रिस्ती बाईने तापाने फणफणलेलं लेकरू इथे उंबराखाली निजवलं आणि माउलीला हाक मारली. तेवढ्यात शेजारी बांधलेल्या गाईने खुराने माती उकरली आणि पाणी वर आलं. बाई ख्रिस्ती, गाय शेजारच्या हिंदू शेतकऱ्याची. म्हणून मे महिना सरताना माउलीचा सण होतो, तेव्हा झऱ्याची पहिली घागर त्या शेतकऱ्याच्या घरच्या गाईला जाते आणि दुसरी चर्चमध्ये. हे खरं घडलं की नाही ते माउलीला ठाऊक, पण घागर मात्र आजवर कधी चुकली नव्हती.

शेतकऱ्याच्या त्या घरात आता राहीबाई आणि त्यांचा मुलगा रविराज अशी दोघंच राहत. रविराज शॅरनच्याच वयाचा, सुट्टीतला पक्का सोबती. आजही तो दिसला, पण बांधावर टाकलेल्या बाभळीच्या काट्यांपलीकडे.

काटे कोणी टाकले, असं शॅरनने विचारलं तेव्हा तो पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिला. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. ईस्टरनंतर झरा बंद पडला. त्याच सुमारास राहीबाईंनी शेतात बोअर घेतलं होतं. शॅरनचे जेम्सकाका झऱ्याच्या समितीचे प्रमुख. त्यांनी जाहीर करून टाकलं, की बोअरने झरा पळवला. आता पायवाट बंद, आणि यंदा पहिली घागरही बंद. सणाला टँकर येणार होता.

"आई रडत न्हाई," रविराज म्हणाला, "पन धड जेवतबी न्हाई. आमच्या घरानं माउलीचं पानी चोरलं म्हनत्यात सगळे."

"बोअर किती वेळ चालतं तुमचं?" शॅरनने विचारलं.

"चालतंय कशाचं? मोटार अजून बसवलीच न्हाई."

"मग ते पाणी ओढतं कशाने? स्ट्रॉने?" जॉय म्हणाला. रविराज पहिल्यांदा हसला.

जेम्सकाका वाईट माणूस नव्हते हो. गावाच्या प्रत्येक कामाला पुढे. पण एलिझाबेथकाकू म्हणायच्या तसं, आधी उडी मारायची आणि मग विहिरीत पाणी किती ते बघायचं, असा त्यांचा खाक्या. त्यांना मोटारीचं कोणी सांगायला गेलं, की ते हात झटकत आणि टँकरवाल्याला फोन लावत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भावंडं लांबच्या वळशाने रविराजकडे गेली. राहीबाई कांदाचाळीत बसून सडके कांदे बाजूला काढत होत्या. चाळ म्हणजे वर्षभराचा कांदा साठवायची जाळीची लांबलचक खोली. ती झऱ्याच्या खालच्या उतारावर होती, आणि तिच्या बुडाशी चिखल झाला होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि चाळीत पाणी! अर्धी रास नासली होती. याच कांद्यावर त्यांचं घर चालायचं, त्यामुळे वासाकडे कोणी नाक मुरडलं नाही. शॅरन आणि जॉय गुपचूप निवडायला बसली.

हे पाणी कुठून येतं ते राहीबाईंना उमगत नव्हतं. ना नळ, ना पाइप. जमिनीतूनच पाझरत होतं.

निवडता निवडता जॉयच्या बोटाला काहीतरी चिकटलं. निळा, हरभऱ्याएवढा खडा. त्याला वाटलं प्लास्टिक. पण बोटांत चोळल्यावर तो मऊ झाला. मग रविराजने डबक्यात ओंजळ घातली, तर असे आणखी खडे तरंगत वर आले.

"मेण आहे," शॅरन म्हणाली. "निळं."

निळ्या मेणबत्त्या गावात एकाच ठिकाणी लागत, माउलीपुढे. मग त्यांचं मेण इथे, जमिनीखालून, कांद्यात कसं आलं?

त्या संध्याकाळी झऱ्यापाशी जपमाळेची प्रार्थना झाली. मे महिना माउलीचा, म्हणून हे रोजचंच. प्रार्थना संपली तशी काकूंनी विझलेली थोटकं पदरात गोळा केली. शॅरनने सहज विचारलं, की ही कचऱ्यात टाकायची ना? काकूंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने भाकरी उकिरड्यावर फेकली.

"आशीर्वाद दिलेली मेणबत्ती केरात टाकत नाहीत, बाळा. आपल्याकडे ती माउलीच्या कपारीत ठेवतात. यंदा ईस्टरला टाइल्स बसवल्या, तेव्हा तर काकांनी चर्चमधली थोटकांची सगळी जुनी पोतीही त्या दारातून आत नीट भरली."

शॅरनने जॉयकडे पाहिलं. पोती भरून मेण, त्यावर टाइल्स, टाइल्सवर उन्हाळ्याचं ऊन. आतलं मेण वितळलं असणार, कपारीच्या तळाशी झऱ्याच्या तोंडावर थिजलं असणार, आणि पाण्याने बिचाऱ्याने खालची वाट धरली असणार. खाली कोण? राहीबाईंची चाळ.

पण काकांना 'तुमचं चुकलं' म्हणणं म्हणजे आग्यामोहोळाला दगड मारणं. शॅरनने रात्रभर डोकं चालवलं आणि सकाळी जॉयच्या हातात थोटकांची पिशवी दिली.

जॉयने चेहरा अगदी गरीब केला आणि काकांना म्हणाला, की त्याला ही थोटकं स्वतःच्या हाताने माउलीपाशी ठेवायची आहेत. पुतण्याची भक्ती बघून काका विरघळले. लगेच किल्ली घेऊन निघाले आणि त्यांनी स्टीलचं दार उघडलं. आत गच्च मेण. एक काडीसुद्धा जाईना.

"काका, जरा बाहेर काढून नीट रचू का?" शॅरन म्हणाली. नीटनेटकेपणाला काका कधी नाही म्हणत नसत.

थोटकं बाहेर येऊ लागली, पाट्यांवर पाट्या. त्यांच्याखाली मात्र एकसंध लादी लागली, निळी, लाल, पांढरी. ती हलेना. शॅरनने काट्यांच्या दिशेने हाक मारली आणि ठरल्याप्रमाणे रविराज पहार घेऊन पुढे आला.

काकांचा चेहरा बदलला. "हा इथे कशाला?"

शॅरनने मूठ उघडून निळे खडे त्यांच्यासमोर धरले. "काका, हे राहीमावशींच्या चाळीतून आणलेत. जमिनीतून पाण्याबरोबर येतात. तिथे सगळा कांदा सडतोय."

काकांनी खडा घेतला. बोटांत चोळला. दाराकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा खिशात ठेवला, रविराजच्या हातातली पहार घेतली आणि इस्त्रीच्या शर्टासकट पालथे पडून ती दारातून आत हाणली.

लादी तडकली तेव्हा आतून घशात घास अडकल्यासारखा आवाज आला. आधी चिखल आला, मग मेणाचे तुकडे आणि मग निवळशंख पाणी. दोन टाइल्स निखळून पडल्या. काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काटे त्यांनी स्वतः उचलले, हात ओरबाडून घेत. दुपारी समितीची माणसं चाळीत कांदा निवडायला बसली होती, आणि सगळ्यात ओल्या कोपऱ्यात काका.

सणाच्या दिवशी फादर आले, गाव जमलं. प्रार्थना सुरू होण्याआधी काका पुढे उभे राहिले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"झरा राहीताईंनी नेला नव्हता. मी बुजवला होता. पोरांनी मोकळा केला."

एवढंच बोलले. फादरांनी तिन्ही पोरांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, की मोठ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, या तिघांनी डोळे उघडे ठेवून केली. थोटकं यापुढे वितळवून त्यांच्या नव्या मेणबत्त्या करायच्या, असंही ठरलं.

मग काकांनी पहिली घागर भरली आणि खांद्यावर घेऊन मोकळ्या पायवाटेने निघाले. गाईने वास घेतला आणि घागरभर पाणी एका दमात संपवलं. राहीबाई गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"जेम्सभाऊ," त्या म्हणाल्या, "आता घरात चला. सकाळपास्नं सैपाक करून बसलेय. आज मलाबी लई भूक लागलीय."