दोन शिवांमधली पट्टी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी ग्रामसेवक चंद्रशेखर ऑफिसच्या ओट्यावर चहा घेऊन टेकले, तेव्हा जागरणाने डोळे चुरचुरत होते. मागच्या क्वार्टरमध्ये त्यांची लेक भार्गवी खोकून खोकून आत्ता कुठे निजली होती. इथे राहायला आल्यापासून पोरीचा ताप हटत नव्हता. डॉक्टर थकले, औषधं थकली, आईबाप तर केव्हाचेच थकले होते.

कोळदरी आणि भोनखेड मिळून एक ग्रामपंचायत झाली खरी, पण ऑफिस कुणाच्या गावात, यावरून वर्षभर रणकंदन चाललं. शेवटी वैतागून चंद्रशेखरांनीच तोडगा काढला. दोन गावांच्या शिवांमधल्या पडीक पट्टीत बांधा म्हणाले. तिथे आजवर कुणीच नांगर का घातला नाही, हे विचारायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, आणि भांडण मिटतंय म्हटल्यावर कुणी आपणहून सांगितलंही नाही.

ते आज कळलं. कोळदरीची माणसं पोळ्याच्या पळसफांद्या घराघरांतून फिरवून, रोगराईला जा म्हणत घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे आपल्या शिवेबाहेर फेकून मागे न बघता परतली. पाठोपाठ भोनखेडची आली, त्यांनीही तेच केलं. दोन्ही ढीग ऑफिसच्या अंगणात पडले.

कोळदरीची म्हातारी अंबूबाई तेवढी रेंगाळली. चंद्रशेखरांनी तिला समजावलं, की आता गाव एकच झालंय, शीव पार पलीकडे सरकली.

"ते तुमाले मालूम, साहेब," ती हळूच म्हणाली. "पन आज्या-पंज्यापासून जे इथं आनून टाकलं... त्याले कोन सांगनार? लेकीले हलवा इथून."

दुपारच्याच एसटीने चंद्रशेखरांनी बायकोला, स्नेहलताला, पोरीसकट माहेरी खामगावला धाडलं. दिवेलागणीला तिचा फोन आला. ताप उतरला होता, पोरगी पोटभर जेवली होती. चंद्रशेखरांना रडूच आलं. सकाळी पहिल्या गाडीने येतो, म्हणाले.

मग ते ऑफिसच्या खिडक्या लावू लागले. लाईट गेलेली. कोमेजलेल्या पाल्याचा ओलसर वास आत दाटला होता. दाराशी पायांची सळसळ झाली, कुणीतरी खोकलं. आला असेल कुणी दाखल्यासाठी. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"साहेब..." आवाज दमलेला होता. "आता आमी कोन्या शिवेबाहेर जावं?"

"आज बंद झालं ऑफिस," रोजच्या सवयीने ते बोलून गेले. "आणि उद्या मी नाही. खामगावला आहे, लेकीकडे."

"हाव," बाहेरून उत्तर आलं. एकाचं नव्हे, पुष्कळांचं. "तिथंच येतो मंग..."

चंद्रशेखर दाराकडे धावले. अंगणात कुणीच नव्हतं. वारा पडलेला होता, तरी फांद्यांचे दोन्ही ढीग जागेवर नव्हते, एक पानही उरलं नव्हतं. खिशातला फोन वाजू लागला. स्नेहलताचा होता. तिच्या आधी त्यांना भार्गवीचा खोकला ऐकू आला.