गिझरचं नाक

बार्शीत गिझरला नाक फुटलं त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. बंद न्हाणीत गॅसचा गिझर लावून माणसं बेशुद्ध पडायची, म्हणून कायदाच झाला की हवा हुंगल्याशिवाय गिझरनं पेटायचं नाही. ज्यांनी ती हुंगणारी डबी काढली त्यांनी तिचं नाव ठेवलं 'हवापारखी'. एवढं भारदस्त नाव घ्यायला वेळ कुणाला? लोक नाकच म्हणायचे. आणि नाकही इतकं तिखट की तळमजल्यावर कुणी भज्यांत ओवा घालायचा विसरलं, तरी तिसऱ्या मजल्यावरचा गिझर शिंकतो असं सांगायचे. शिंकेचं सोडून द्या, बाकीचं खरं धरायला हरकत नाही.

नीलांबरी बोधल्यांचा गिझर मात्र त्या दिवशी काही केल्या पेटेना. नळ सोडला की टक टक टक करायचा, लाल दिवा दाखवायचा आणि गप्प. थंडी मरणाची आणि नेमकं त्याच दिवशी नातीचं बारसं. लेक सिद्धी बाळंतपणाला माहेरी आलेली. अकराला पाहुणे यायचे, आणि बाळ-बाळंतिणीची अंघोळच खोळंबलेली.

शेवटी शबाना मुलाणीला बोलावणं गेलं. बार्शीतल्या निम्म्या गिझरांची नाडी तिला ठाऊक. बिघाड सापडेपर्यंत ती जागची हलायची नाही. एका गिझरपायी म्हणे तिनं दोन वेळचं जेवण न्हाणीतच बसून केलं होतं, आणि घरच्यांनी तिला वाढलंही होतं.

"शबाना, पाया पडते तुझ्या, पण पेटव बाई याला."

"पाया नंतर पडा काकू. आधी सरका जरा, पान्याला जागा लागते."

तिनं आधी खालचे दोन जाडे सेल बदलले. ठिणगी चांगली निळीशार पडायला लागली, पण गिझर पेटला नाही. स्वयंपाकघरात जाऊन शेगडीचं बटण फिरवून आली. गॅस व्यवस्थित होता. मग पाणी बंद करून आत येणाऱ्या नळीतली जाळी काढली. बोअरचं पाणी, क्षारांनी जाळी खडीसाखरेसारखी झालेली. ती तिनं व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशनं घासली. पाण्याला जोर आला. लाल दिवा तसाच.

"आई, डोकं फुटतंय गं," आतल्या खोलीतून सिद्धीचा आवाज आला.

"जागरणाचं असेल. पडून राहा," नीलांबरी इथूनच म्हणाली. मग शबानाला सांगायला लागली, "बाळ मात्र गुणाचं आहे हो. पहाटेपासून झोपलंय. दूधसुद्धा मागितलं नाही."

शबाना तोवर स्टुलावर चढली होती. गिझरचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात हात घातला तर कबुतरानं आत संसार मांडलेला. काड्या, पिसं, अन् कुठल्या लग्नातून पळवलेला मुंडावळीचा तुकडासुद्धा.

"सापडलं ना एकदाचं," नीलांबरीचा जीव भांड्यात पडला.

शबानानं ते सगळं उपसून काढलं आणि नळ सोडला. टक टक टक. लाल.

ती खाली उतरली, हात पुसले आणि डबीकडे बघत राहिली. "काकू, हे बोलत का नाही? काय दुखतंय ते सांगतं की हे."

"मीच बंद केलंय त्याचं तोंड. चार दिवस झाले, ऊठसूट आपलं 'हवा वाईट आहे, खिडकी उघडा.' बाळंतिणीच्या घरात खिडकी उघडतात का कुणी? कुरकुर करायचं पण गिझर पेटू तरी द्यायचं. आज तेही नाही. तू असं कर, ते नाकच काढून टाक. वरच्या मजल्यावर काढलंय त्यांनी. नुसती तार जोडायची म्हणे."

दोन मिनिटांचं काम होतं. शबानानं पक्कड उचलली, तार पकडली आणि थांबली.

"काकू, गिझर आज सकाळपासून एकदाही पेटलेला नाही ना?"

"तेच तर रडतेय मी."

"मग यानं धूर केलाच नाही. वाईट हवा आली कुठनं?"

"नाक बिघडलं असेल."

"असेलही. पण त्याला खोटं पाडायचं तर आधी चांगली हवा हुंगवायला पाहिजे."

तिनं डबी सोडवून घेतली. तळहाताएवढी होती, स्वतःच्या सेलवर चालणारी, पोटावर आकडा दाखवणारी. शबाना ती घेऊन गॅलरीत गेली. शून्य. परत न्हाणीत आली. बासष्ट. पन्नासाच्या पुढे आकडा गेला की गिझर पेटू द्यायचा नाही, एवढंच त्या नाकाला शिकवलेलं. म्हणजे बिघडलेलं काहीच नव्हतं. ती डबी समोर धरून पावलापावलानं बोळातून चालायला लागली. एकशे दहा. आतल्या खोलीच्या बंद दाराशी एकशे नव्वद.

गिझरपासून लांब जावं तसा आकडा वाढत होता.

तिनं दार ढकललं.

"दार लाव आधी. वारं लागंल लेकराला," आतून सोजरबाई म्हणाली. तालुक्यातल्या हजारभर बाळांना न्हाऊमाखू घातलेली ही बाई. बाळाला मांडीवर आडवं घेऊन तेल चोळत होती. बाजेवर सिद्धी डोळे मिटून पडलेली. बाजेखाली एक सोडून दोन कोळशाच्या शेगड्या, त्यात ओवा अन् धूप. खिडकीच्या फटीत जुनी साडी कोंबलेली. हातातली डबी चारशेच्या पुढे गेली.

"मावशी, बाळ द्या."

"तेल तर होऊ दे."

"आधी बाळ द्या म्हणते मी."

बाळाचा हात लोंबत होता. शबानानं त्याला दुपट्यात गुंडाळून गॅलरीत नेलं आणि तिथूनच हुकूम सोडायला सुरुवात केली. "काकू, सिद्धीला धरून बाहेर आणा. मावशी, साडी ओढा, खिडक्या उघडा, मग शेगड्या गॅलरीच्या त्या टोकाला न्या." एकशे आठला फोन लावून पत्ता सांगितला. मग बाळाचे तळवे चोळायला लागली.

"मेला कोळसा हाय त्यो, दारूगोळा न्हाई," सोजरबाई शेगडी उचलून आणताना पुटपुटत होती. "धूर तरी दिसतोय का कुठं?"

"दिसला असता तर बरं झालं असतं. कोळसा कोंडलेल्या हवेत अर्धवट जळाला की जो वायू निघतो ना, त्याला रंग नाही, वास नाही. श्वासातनं रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. माणसाला आपलं वाटतं झोप येतेय. तुमचं डोकं दुखतंय का?"

"दुखतंय. च्या न्हाई मिळाला सकाळपासनं."

"चहाचं नाही ते."

बाळ हललं. आधी कपाळाला आठी घातली, मग तोंड वाकडं केलं, मग असं भोकाड पसरलं की खालच्या भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. नीलांबरी पदर तोंडाला लावून रडायला लागली. सिद्धीनं भिंतीला टेकूनच हात पुढे केले. गाडी आली, दोघींना प्राणवायूचे मुखवटे लावले, नीलांबरीलाही सोबत घेतलं आणि दवाखान्याकडे गेली. दोघी शुद्धीवर आहेत, वेळेत सापडल्या, असं गाडीतली डॉक्टरीण जाताना बोलली.

जिन्याच्या पायरीवर सोजरबाई बसून राहिली. हाताचं तेल तसंच होतं.

"चाळीस वर्सं शेक देती मी शबाना. कधी काय झालं न्हाई."

"तेव्हा पत्र्याची घरं होती मावशी. दाराखालनं मांजर जायचं. घरच श्वास घ्यायचं. आता खिडकीला रबर, दाराला रबर. मुंगी आत शिरायची तर अर्ज करावा लागेल. शेगडी तीच, तुम्ही त्याच. घर बदललं."

सोजरबाई हसली नाही. "न्हाई, नव्या बिल्डिंगीतपण केलंय म्या," ती हळूच म्हणाली. "काही लेकरं लई निजायची. मी म्हणायची, हात लागला माझा, निवांत झोपलं."

शबाना हत्यारं भरता भरता थांबली. "मावशी, आज अजून कुणाकडं जायचंय तुम्हाला?"

"दोघींकडं. मी येईस्तोर शेगड्या पेटवून खोली गरम करून ठिवा म्हणून सांगितलंय. खिडक्या मीच बुजवून आले काल."

"फोन लावा. चालता चालता लावा."

पहिल्या घरी लगेच उचलला. "शेगडी भाईर काढा," सोजरबाई जिना उतरत म्हणाली. "का म्हणून इचारू नका, आधी काढा. खिडकी उघडा. आन् लेकराला घिऊन भाईर बसा. लागू दे वारं. मी सांगती ना, लागू दे."

खाली शबानानं स्कूटर काढली. सोजरबाई मागं बसली, एका हातात डबी, एका हातात फोन. गावातल्या मोकळ्या हवेत डबीवर शून्य दिसत होतं. नव्या वसाहतीच्या उंच इमारती समोर यायला लागल्या. त्यातल्या एकीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या.

"दुसरीकडं नुसती रिंग जातीय," सोजरबाईनं शबानाच्या खांद्यावरून वाकून सांगितलं. "तिसऱ्यांदा लावतीय. हाताला तेल आसंल म्हणून उचलत नसतील, न्हाई का गं?"