तिसरा फराटा

कंदील जरा बारीक कर रे वसंता. आणि नलू, तू त्या कठड्यापासून ऊठ, इकडे भिंतीला टेकून बस. भीत नाहीस? मोठी शूर लागून गेलीस. सांगतोय ते ऐक आणि ऊठ.

खाली ती मोडकी हातगाडी पडलीय ना, तिच्यावर आज रस्तेखात्याचे लोक खडूने फुली मारून गेले. तुम्हाला गंमत वाटली. मला शिवा गाडीवान आठवला. आपल्याच चाळीत तळमजल्याला राहायचा तो, म्हातारपणी. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही की कुणाला उगाच थाप मारली नाही. त्याने सांगितलं तेच सांगतो. मधे कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या प्लेगचं साल. शिमगा तोंडावर आलेला. गिरगावात गंगाधरराव म्हणून एक गृहस्थ होते, रस्तेखात्यातले ओव्हरसियर. शिवा त्यांच्या पदरी होता. त्यांचा एका घोड्याचा शिग्राम हाकायचा. शिग्राम म्हणजे बंद घोडागाडी, पेटीला चाकं लावावीत तशी. नवाकोरा घेतला होता आणि रावांना त्याचं भारी कौतुक.

त्या दिवशी संध्याकाळी राव निघाले ते अगदी साध्या कामाला. मुलगी कालिंदी लग्नाची, माहीमच्या एका बड्या घराशी बोलणी चाललेली. व्याही रविवारी घर बघायला येणार म्हणून पेढे आणि पानं सांगून ठेवायची होती. त्यांच्या घरासमोरच, आळीच्या तोंडाशी, एक मोठी चिंच होती. तिथे येताच राव नाकाला रुमाल लावून शिवाला म्हणाले, "ही घाण अजून इथेच?"

घाण म्हणजे एक बैलगाडी. हरेश्वर कोळी माहीमहून पहाटे म्हावरं भरून बाजारात आणायचा आणि रिकामी गाडी चिंचेखाली सोडायचा. प्लेगमध्ये तो गेला. त्याच्या औषधपाण्यात बैल विकला गेला. राहिली ही गाडी, आणि त्याची बायको रखमा. गाडी ओढायला बैल नाही, म्हणून गाडी जिथल्या तिथे उभी. रखमा रात्री तिच्याखालीच निजायची.

"शेट, शिमगा होऊं द्या," ती हात जोडून म्हणाली. "भाव वसईशी बैल घेऊन येतंय माजा. मंग नेतंय मी गारी. घोवाची तेवरीच राहिलीय."

"कायदा माहीत आहे का तुला?"

कायदा असा होता. रस्त्यात बेवारशी पडलेल्या गाडीवर चुन्याचा एक फराटा मारायचा. दुसऱ्या दिवशी तिथेच असली तर दुसरा. तिसरा फराटा पडला की गाडी परळच्या आवारात ओढून न्यायची आणि फोडून सरपण करायचं. मात्र गाडी जागची हललेली दिसली, तर जुने फराटे पुसायचे. चालत्या गाडीला हात लावायचा नाही. हा कायदा राव स्वतःच सगळ्या रस्त्यांवर अंमलात आणत फिरायचे, त्यामुळे त्यांना तो तोंडपाठ.

पहिला फराटा पडला. रखमाने शेजारच्या हमालाला विचारून घेतलं, कायदा काय म्हणतो. आणि त्या रात्री तिने काय करावं? पदर खोचला, चाकाला खांदा लावला आणि गाडी ढकलली. एकटीने! जेमतेम वीतभर सरकली असेल. पण सरकली. सकाळी फराटा पुसावा लागला.

मग हे रोजचंच झालं. दिवसा हे चुना फासायचे, रात्री ती गाडी वीतभर पुढे, नाहीतर वीतभर मागे सारायची. आळीतली माणसं हसायला लागली. रावांना, म्हणे, एका कोळणीने जागेवर बसवलं. हे त्यांच्या कानावर गेलं आणि माणूस आतून पेटला. रविवार जवळ येत होता. नव्या शिग्रामला चिंचेची सावली हवी होती, आणि दारात माशांचा वास नको होता.

बैलगाडीचं चाक आखावरून निसटू नये म्हणून टोकाला लोखंडी खीळ असते, ठाऊक आहे ना? हरेश्वरने त्या खिळीला काळ्या दोऱ्यात एक कवडी बांधली होती, दृष्ट लागू नये म्हणून. शनिवारी संध्याकाळी रखमा पाणी आणायला गेली, तेवढ्यात रावांनी ती खीळ उपसली. घरामागच्या विहिरीत टाकून दिली. त्यांचा विचार एवढाच, की गाडी हलू नये. असं ते म्हणाले. आता तुम्हीच काय ते ठरवा.

रात्री तिने खांदा लावला. चाक निसटलं. सगळी गाडी तिच्या छातीवर आली.

राव जागे होते. त्यांनी तो आवाज ऐकला. एक किंकाळी ऐकली. मग बराच वेळ काही नाही. मग फळीवर हाताने ठोकल्याचा आवाज. टक्... टक्... कुणीतरी या, म्हणून. आनंदीबाई, म्हणजे त्यांची बायको, उठून बसल्या. "अहो, खाली कोण ठोकतंय?"

"कुणी नाही. झोप."

त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. ठोकणं पहाटेपर्यंत चाललं, हळूहळू विरत गेलं. अरे, एक जिना उतरायचा होता! दोन माणसं लागली असती ती गाडी उचलायला. पण नाही उतरला तो. मला विचाराल तर सगळं पाप तिथे आहे, खिळीत नाही.

उजाडलं तशी माणसं जमली. राव खिडकीतून ओरडले, "प्लेगचं मढं आहे, लांब व्हा!" झालं. त्या दिवसांत हा शब्द ऐकला की सख्खा भाऊ पळायचा. चाक कसं निघालं ते कुणी वाकून पाहिलं नाही. तिला नेल्यावर राव खाली आले. स्वतःच्या हाताने चुन्याचा कुंचा घेतला आणि एकापाठोपाठ एक, तिन्ही फराटे एकदमच ओढले. गाडी परळला गेली, फुटली. संध्याकाळी व्याही आले, म्हणाले, जागा झकास आहे हो, सावली छान आहे.

शिमगा झाल्यावर रखमाचा भाऊ आला. बैलाचा कासरा हातात, शिंगांना गुलाल. बहीण नाही, गाडी नाही. तो माणूस दुपारभर चिंचेखाली बैल धरून उभा होता. राव वरून बघत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली.

फाल्गुनातल्या अमावस्येच्या आदल्या दिवशी पहाटे आनंदीबाई म्हणाल्या, "हे पाठीला काय लागलंय तुमच्या?"

चुना. उघड्या पाठीवर, डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, कुंच्याच्या रुंदीचा एक फराटा. चिंचेचा कोळ लावला, खोबरेल लावलं, दगडाने घासलं. कातडी लाल झाली, फराटा तसाच राहिला. रावांनी गडीमाणसांना शिव्या घातल्या आणि त्या रात्री दाराला आतून कडी लावून झोपले.

सकाळी दोन.

मग मात्र माणसाचं अवसान गेलं. दिवसभर ते घरात येरझाऱ्या घालत राहिले. बसत नव्हते, पाटावरसुद्धा. अमावस्येला दिवेलागण झाली तसे खाली आले आणि शिवाला म्हणाले, "जुंप."

"कुठे जायचं, रावसाहेब?"

"कुठेही. उजाडेपर्यंत थांबायचं नाही. चालत्या गाडीला हात लावता येत नाही, शिवा. कायदाच आहे तसा."

निघाले. भायखळा गेला, लालबाग मागे पडलं. दादरच्या वाड्या, मग माहीम. माहीमच्या खाडीशी शिग्राम वळवला आणि परत लालबाग. पुन्हा माहीम. रावांनी मधली झडप उघडली होती आणि ते आतून बोलत होते, एकसारखे. खीळ, विहीर, ते ठोकणं, सगळं त्या रात्री त्यांनी शिवाला सांगितलं. शिवाने ऐकलं. त्याला रखमा आठवत होती. कधी मूठभर जवळा द्यायची ती त्याला, तुझ्या पोरांना ने म्हणून. तो म्हणाला, "मला थुंकावंसं वाटलं. पण लगाम हातात होता."

घोडा फेसाळला. मध्यरात्र उलटून गेली होती. प्लेगच्या भीतीने निम्मी मुंबई गावाला पळालेली, रस्त्याला चिटपाखरू नाही. शिग्राम परळला आला. उजव्या हाताला ते आवार. गाड्या फोडायचं.

घोडा थांबला.

शिवाने चाबूक मारला. घोडा थरथरला. पण पाय उचलेना.

"का थांबवलास?" आतून आवाज. "हाक! हाक म्हणतो ना!"

"घोडा जात नाही, रावसाहेब."

आणि मग...

टक्.

शिग्रामच्या तळाला. खालून.

राव बोलायचे थांबले. 

टक्... टक्...

"शिवा," राव म्हणाले. अगदी हळू. "ढकल. गाडी ढकल रे."

 शिवा बैठकीवरून उतरला नाही. उतरलाच नाही. मग दार उघडलं. राव स्वतः खाली आले. अनवाणी. त्यांनी चाकाला खांदा लावला. हमालासारखा. जोर लावला. रडत होते.

आणि खालून कुणीतरी बोललं. बाईमाणूस. शांत.

"शेट... गारी हलत नाय."

शिग्रामचा कंदील विझला.

अंधार. घोड्याचा श्वास. मग एक आवाज झाला... लाकूड कोसळल्याचा. त्यानंतर...

काही नाही.

शिवाने काडी ओढली. एक विझली. दुसरी पेटली.

शिग्राम उभा होता. धड. चारही चाकं जागेवर, चारही खिळी जागेवर, कुठे ओरखडा नाही. आणि राव खाली पालथे पडलेले. छाती चिरडली होती, वर दगडी कमान कोसळावी तशी. सदरा फाटून पाठ उघडी पडलेली, तिच्यावर तीन फराटे. तिसऱ्याचा चुना अजून ओघळत होता.

उजवी मूठ घट्ट मिटलेली. डॉक्टरने प्रयत्न केला, सोनापूरच्या स्मशानात चौघांनी केला. बोटं उघडेनात. शेवटी तसंच, मिटल्या मुठीने, त्यांना चितेवर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला त्यांचा मेहुणा अण्णा गेला, आणि शिवा. राख अजून ऊन होती, हाताला चटके बसत होते. जिथे उजवा हात असायला हवा तिथे अण्णाने राख बाजूला सारली, आणि तो मागे सरला. शिवाने वाकून पाहिलं.

लोखंडी खीळ. काळा दोरा तसाच, जळला नव्हता. दोऱ्यात कवडी.

शिवाने ती उचलली. गार होती. आणि तिच्यावरून विहिरीचं पाणी ठिबकत होतं.