काखेतली गाठ

त्या दिवशी मी कारखान्यात गेले होते ती फक्त तुकडे मागायला. कापड कापून झालं की टेबलाखाली जे उरतं, ते शिवणाऱ्या बायकांनी घरी न्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत. थंडी तोंडावर आली होती आणि माझ्या भिंगरीला जाकीट नव्हतं. भिंगरी म्हणजे माझी लेक, अजून शाळेतही घातलेली नाही. जरा गार वारं लागलं की तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजते. मी झोपेतून उठून उठून तिचा श्वास ऐकते. यांना त्याचं हसू येतं. येऊ दे.

तेव्हा कारखान्यात जिकडेतिकडे मिलिटरीचं कापड, फॅशन म्हणून. हिरवे, मातकट, काळपट चट्टे. पँटी, टोप्या, पिशव्या, सगळं त्याच छापाचं. माझ्या शेजारच्या मशीनवरची मावशी म्हणायची, "लपायचं कापड घालून मिरवायला निघालेत. दिसायचंय की नाही ते एकदा ठरवा म्हणावं."

त्या ढिगात एक तुकडा वेगळा होता. जुना, जाड, हाताला गार. नाकाशी धरला तर ओल्या पाल्याचा वास. कटिंग मास्तरांनी तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. तरुणपणी त्यांनी पलटणीचे कपडे कापलेले होते.

"हे फॅशनचं नाही," ते म्हणाले. "खरं आहे. नेणार असशील तर ने, पण शिवणीवर चट्टे जुळवू नकोस. तुटू देत."

"वाईट दिसेल, मास्तर."

"दिसू दे की. दिसलेलं बरं." मग हसले. "तसंही तुझ्या गाठी हरभऱ्याएवढ्या. कुणालाही शिवण सापडेल."

ते मला लागलं. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी मशीनवर आहे. चौकडीचं कापड असलं की चौकडीला चौकडी मिळालीच पाहिजे, हे माझ्या हाताला कुणी सांगावं लागत नाही. मी घरी येऊन चट्ट्याला चट्टा जुळवला. खांद्यावर, कुशीला, बाहीला. गाठी आतून काखेत दडवल्या. झाल्यावर बोट फिरवलं तर शिवण बोटालाही लागेना. मी खूश.

भिंगरीने जाकीट घातलं ते काढेचना.

आमच्या दारातल्या झाडाच्या सालीवर सालीच्याच रंगाचं एक पाखरू बसतं. आम्हाला कधी दिसत नाही, भिंगरी मात्र नेमकं बोट ठेवते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला हाक मारत बाहेर आले. झाड होतं, अंगण होतं, पोर नव्हती. मग खोडावरचं ते पाखरू हललं आणि तिथूनच आवाज आला, "आई, तू माझ्याकडेच बघत होतीस की." ती खोडाला पाठ लावून उभी होती. पाखरू खोडावर नव्हतंच, तिच्या खांद्यावर बसलं होतं.

हे कामावरून आले, खाटेवर टेकले. भिंगरी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी.

"भिंगरी कुठंय?"

"चेष्टा नका करू."

"कसली चेष्टा? झोपली का?"

"बाबा, मी इथंच," ती म्हणाली. त्यांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग चपला घालून तिला शोधायला गल्लीत गेले. मी म्हटलं, काढ ते जाकीट, आत्ताच्या आत्ता. आणि तेवढ्यात लाईट गेली.

मी दिवा लावला. खोली सगळी दिसत होती. खाट, मशीन, कोपऱ्यातला कपड्यांचा ढीग, दाराचा पडदा. भिंगरी नव्हती. ओल्या पाल्याचा वास मात्र भरून राहिला होता, जणू कुणी नुकताच रानातून आत आलाय.

"भिंगरी..."

"मी इथंय..." आवाज ढिगातून आला.

मी ढीग उपसला. नुसते कपडे.

"इथंय मी..." आता पडद्याजवळून.

मी थांबले. डोळे मिटले. डोळ्यांनी मला फसवलं तरी कान फसवणार नव्हते, तेवढ्या रात्री मी त्या श्वासासाठी जागले आहे. ऐकू आला. बारीक शिट्टीचा, माझ्या पोरीचा. आणि त्याच्या अगदी लगत दुसरा... मोठ्या माणसाचा. दाबून धरलेला. दबा धरून बसलेला माणूस घेतो तसा.

खरं सांगते, मला राग आला. इतका राग मला कधी आला नव्हता.

"हे बघा," मी म्हटलं, "तुम्ही कोण, कुठून आलात, मला घेणं नाही. तुम्हाला लपायचंय, तुम्ही लपा. ही माझी आहे. हिला मी लपू देणार नाही."

शिट्टीच्या दिशेने हात घातला. कापड हाताला लागलं, गार. कात्री लावायची सोय नव्हती. कुठे कापड संपतं नि कुठे पोर सुरू होते ते दिसत नव्हतं. शिवण चाचपली. सापडेना. माझंच कसब माझ्या मुळावर आलं होतं. तेव्हा मास्तरांचे हरभरे आठवले. मी काखेत तोंड घातलं, जिभेने शोधलं, गाठ लागली. दातांनी तोडली. कुणीतरी कापड उलट्या बाजूने ओढत होतं... मी सोडलं नाही. टाके तटातटा उसवले आणि दिव्याच्या उजेडात आधी एक इवलासा हात दिसला, मग खांदा, मग रडवेलं तोंड.

मी तिला पोटाशी धरलं. ती कानात म्हणाली, "आई, मला शोधलंस. आता काकांना शोध ना. ते कधीचे लपलेत. त्यांना कुणी शोधायलाच आलं नाही."

यांनी परत येऊन सगळं ऐकलं आणि जाकीट जाळायला काढलं. भिंगरीने आकांत मांडला, काका आत आहेत म्हणून. फेकावं तर दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या अंगावर जायचं. मी एकेक शिवण उसवली आणि तुकडे सुटे सुटे खुंटीला टांगले, माझ्या डोळ्यांसमोर. हे म्हणाले घर बदलू. मी म्हटलं, घर माझं आहे, त्यानं जावं.

तो जात नाही. सकाळी उठले की एखादी शिवण पुन्हा जुळलेली असते. चट्ट्याला चट्टा, टाके बारीक, गाठ कुठेच नाही. मी चहा ठेवते आणि बसून उसवते. माझे दात अजून पक्के आहेत.

आज बाही शिवून झाली होती. उसवायच्या आधी सहज हातात घालून बघितली. जाकीट मी भिंगरीच्या मापाचं शिवलं होतं, आणि त्या कापडाचा आणखी तुकडा घरात नाही. बाही माझ्या मनगटापर्यंत आली. नेमकी.