साठ्यात जमा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही.

हे आमच्या लुंबिनीच्या बाबतीत घडलं. लुंबिनी माझी मावसबहीण. पोरगी साधीसुधी नाही, चांगली खमकी आहे. तिने स्वतः मला हे सांगितलं, म्हणून लिहितोय.

रात्र, अमावस्या, सुनसान रस्ता असलं काही यात नाही. जानेवारीतला शनिवार होता. टळटळीत दुपार होती.

जागा... उदगीरच्या बाहेरची एक सोयाबीनची तेलगिरणी. नाव सांगत नाही. गिरणी अजून चालू आहे.

लुंबिनी तेव्हा नांदेडला एमबीए करत होती. पुनम, सत्यम, आनंदराज आणि ती, अशी चौघांची टीम. प्रोजेक्ट मिळाला ईआरपीवर. ईआरपी म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा, विक्री, पगार, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. एका टेबलावर आकडा पडला की दुसरीकडे आपोआप जमा. माणसाने मध्ये बोट घालायचं कामच नाही, असं त्यांचे सर मोठ्या कौतुकाने सांगायचे.

पुनम लोह्याची. लुंबिनीची हॉस्टेलमधली रूममेट, जिवाभावाची मैत्रीण. तिची आई, सिंधुकाकू, पोरीला उदगीरला, एवढ्या लांब पाठवायला तयारच नव्हती. शेवटी फोनवर लुंबिनीला म्हणाली,

"तुझ्या भरवशावर धाडूलाले बघ. जशी नेलीस तशी माझी पोर आणून दे."

"हाव काकू. माझा शब्द हाय," लुंबिनी म्हणाली.

हा शब्द लक्षात ठेवा.

गिरणीच्या दारातच भुईकाटा होता. जमिनीत बसवलेली मोठी लोखंडी फळी, तिच्यावर अख्खा ट्रक चढतो. भरलेला ट्रक आत जाताना वजन, रिकामा बाहेर पडताना वजन. मधला फरक म्हणजे आत राहिलेला माल. तो सॉफ्टवेअर लगेच साठ्यात जमा करतं.

काट्यावर वीरण्णा नावाचे वयस्क गृहस्थ बसायचे. त्यांची एक सवय पोरांना फार गमतीची वाटली. प्रत्येक ट्रकच्या वेळी ते केबिनमधून उठून बाहेर यायचे. ड्रायव्हर, क्लीनर, पोत्यांवर बसलेल्या बाया, सगळ्यांना खाली उतरवायचे. मग स्वतः टायरवर पाय देऊन वर डोकावून बघायचे. मगच वजन.

"चोरी टाळायला," असं म्हणत आनंदराजने वहीत लिहून टाकलं.

वीरण्णांनी ते ऐकलं. आणि पुढच्या ट्रककडे वळले.

थोड्या वेळाने ते चहाला गेले. सत्यमच्या डोक्यात तेवढ्यात किडा वळवळला.

"नुसतं बघत काय बसायचं? आपणच ट्रक होऊ की!"

"ट्रक तर तूच आहेस बे," पुनम म्हणाली.

"आणि तू काय फुलपाखरू?"

"साठ किलो हाय मी. लपवायचं काय त्यात?"

हसतखिदळत पुनम, सत्यम आणि आनंदराज काट्यावर चढले. लुंबिनी वीरण्णांच्या खुर्चीत बसली. गाडी नंबर म्हणून सत्यमच्या मोटारसायकलचा नंबर टाकला. माल... सोयाबीन.

दोनशे पाच किलो. नोंद झाली.

मग चौघं आत फिरायला गेली. जिथे ट्रक खाली होतात तिथे एक खोल खड्डा होता, वर लोखंडी जाळी. जाळीचा एक कोपरा निखळला होता. माल त्या खड्ड्यातून सरकत्या पट्ट्यावर पडतो आणि कोठारात जातो. त्या वेळी सगळं बंद होतं.

पुनम जाळीवर वाकली.

"कुणी हाक मारली का गं?"

"नाही."

"मारली की... खालून."

आणि लुंबिनी तिला अडवायच्या आत पुनमने सहज, आईला द्यावी तशी, "ओ" दिली.

खालून काहीच आवाज आला नाही. फक्त थोडंसं सोयाबीन घरंगळलं... कुणीतरी सरकून जागा करून द्यावी तसं.

परत येऊन, गाडी बाहेर पडतानाचं वजन म्हणून, तिघं पुन्हा काट्यावर चढली. लुंबिनीने आकडा नीट न बघताच बटण दाबलं.

स्क्रीनवर अक्षरं आली. नोंद पूर्ण. साठ किलो सोयाबीन साठ्यात जमा.

लुंबिनीने मान वर केली. तिघंही समोर उभी होती. मग वजन साठ किलोने कमी कसं?

"काटा बिघडला रे. एकेक जण उतरा बरं."

आनंदराज उतरला. काट्यावर उरले पासष्ट किलो.

सत्यम उतरला. त्याचे बूट फळीवर धाडधाड वाजले.

पुनम एकटी उभी होती. हात हलवत होती.

आकडा होता... शून्य.

"उडी मार!" सत्यम ओरडला. पुनमने उडी मारली. एकदा, दोनदा.

फळी वाजलीच नाही.

चहाचा ग्लास हातात घेऊन वीरण्णा दारात उभे होते. त्यांनी स्क्रीन बघितली, मग पुनमकडे बघितलं.

"माणसं चढवली?"

लुंबिनी त्यांच्या खुर्चीतून उठली.

"जावा. दिवस हाय तवर गावाकडं जावा," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

चौघं नांदेडला परतली. वाटेत थट्टा करून बघितली, कुणालाच हसू आलं नाही.

हॉस्टेलमध्ये पुनमची लोखंडी कॉट फार कुरकुरायची. लुंबिनी त्या आवाजावर रोज चिडायची. त्या दिवशी पुनम कॉटवर बसली...

आवाज आला नाही.

आंघोळ करून आली, तर फरशीवर ओल्या पावलांचे ठसे नव्हते.

"लुंबे," पुनम म्हणाली, "माझे पाय लागून नाही राहिले गं जमिनीला. आणि सगळीकडं सोयाबीनचा वास येऊलालाय. माझ्या तोंडात पण."

सकाळी सिंधुकाकूंचा फोन आला.

"पुनमचा आवाज इतका लांबून का येऊलालाय? कुठं खड्ड्यात बसून बोलती का ती?"

पुनम लुंबिनीच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसली होती.

लुंबिनीला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले आणि पुनमचा हात धरून उदगीरची गाडी पकडली. सत्यमही सोबत आला. आनंदराजने फोन बंद करून ठेवला होता.

वीरण्णा त्यांची वाटच बघत होते. आता मात्र ते बोलले.

सॉफ्टवेअर नवीन आलं त्या वर्षीची गोष्ट. मुखेडकडची गुणाबाई, हमाली करणारी बाई, पोत्यांवर बसून आली. घाईत तिच्यासकट ट्रकचं वजन झालं. ट्रक रिकामा होऊन बाहेर पडला तेव्हा ती त्यात नव्हती. पंचेचाळीस किलो माल जास्त जमा झाला. कुणाला काही वाटलं नाही.

"मग ती सापडली का?" लुंबिनीने विचारलं.

"न्हाई."

"मग कुठं गेली?"

वीरण्णांनी गिरणीकडे बोट केलं.

"साठ्यात हाय. काटा तिचा हिशोब चुकता करूलालाय पोरी. एक बाहीर यायची तर एक आत पायजे."

"ती नोंद खोडा."

"खोडता येत न्हाई. मी लई बघितलं."

लुंबिनीने डोकं धरलं. मग तिला प्रोजेक्टसाठी पाठ केलेलं आठवलं. जमा झालेला माल खोडता येत नाही, पण बाहेर तर पाठवता येतो! रिकामी गाडी आत येते, भरून बाहेर जाते.

"माल पाठवायची नोंद करा मामा. गाडी मी होते."

ती एकटी काट्यावर चढली. पन्नास किलो. मग पुनमचा हात धरून खड्ड्यापाशी गेली. तो हात हातात आहे असं वाटतच नव्हतं.

तिने जाळीवर वाकून हाक मारली.

"पुनम... चल, घरी जायचंय."

ती अजून खाली वाकली.

"पुनम!"

"ओ..."

आवाज खालून आला. शेजारच्या पुनमचे ओठ मिटलेले होते.

आणि लुंबिनीच्या हातातला हात एकदम जड झाला.

दोघी धावतच काट्यावर आल्या. या वेळी पावलं वाजली. चार पावलं! सत्यम केबिनमधून ओरडला, "वजन आलं! पंच्याण्णव!"

लुंबिनीने पुनमला गच्च मिठी मारली. पुनमचं अंग गरम होतं, छाती धडधडत होती. आनंदाने दोघी रडल्या. वीरण्णा मात्र स्क्रीनवरून नजर उचलत नव्हते.

गाडीत बसल्यावर, जळकोटच्या आसपास, लुंबिनीच्या मनात तो आकडा पुन्हा आला.

पंच्याण्णव. त्यातले तिचे पन्नास.

तिने हळूच शेजारी बघितलं. पुनम खिडकीबाहेरची शेतं डोळे भरून बघत होती, किती वर्षांनी बघितल्यासारखी.

लोह्याला सिंधुकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "एवढ्यात किती वाळली गं!" मग लुंबिनीला जवळ घेतलं.

"जशी नेली तशी आणलीस, बाई. शब्द पाळलास."

लुंबिनीच्या तोंडून हाव निघेना.

तोवर पुनमने अंगणातलं सूप उचललं होतं. ती तूर पाखडत होती. सराईत हात, एक दाणा खाली पडत नव्हता. जिने आयुष्यात सुपाला हात लावला नव्हता ती पुनम.

"कवा शिकलीस गं?" काकू कौतुकाने हसल्या.

निघताना पुनम लुंबिनीला सोडायला रस्त्यापर्यंत आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली,

"ताई, मुखेडची गाडी इथंच लागती का? लेकरू वाट बघूलालं असंल माझं..."

पुनमचं मुखेडला कुणीही नाही. लुंबिनीला तिने कधी ताई म्हटलेलं नाही.

प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. लुंबिनी अजून अधूनमधून उदगीरला जाते. वीरण्णा तिला खड्ड्यापर्यंत जाऊ देतात. ती वाकून हाका मारते. त्या हंगामाचं सोयाबीन कधीच गाळून झालं, तेल बाजारात गेलं. खालून ओ येत नाही.

सिंधुकाकूंना तिने काहीच सांगितलेलं नाही. काय सांगणार?

काकू लेकीला रोज समोर बसवून पोटभर जेवू घालतात. पण तिचं वजन काही केल्या वाढत नाही.