बोलता येईल इतक्याच वेगानं

आपल्या पुढे कुणी पळतंय हे तिला बघवायचं नाही. मग ते कुणीही असो. बस पकडायला धावणारे आजोबा असोत की मोकाट कुत्रं, त्याला मागे टाकल्याशिवाय तिच्या जिवाला चैन नसे. त्या सकाळी तळ्याच्या वळणावर, धुक्यात, एक पांढरा बनियन पुढे हलताना दिसला आणि तिचे पाय आपोआप सुटले.

खरं तर तिच्या प्रशिक्षक सरांनी त्या दिवशी ‘हलकं पळ’ म्हणून सांगितलं होतं. हलकं म्हणजे कसं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. लांब पल्ल्याचं पळू पाहणाऱ्या कोवळ्या पोरापोरींच्या बाबतीत पहिला घोळ होतो तो इथेच. जोरात पळायला सगळे शिकवतात. सावकाश पळायला कुणी म्हणजे कुणी शिकवत नाही.

जवळ गेल्यावर तिला ऐकू आलं... बनियनवाला गुणगुणत होता. पळता पळता. तेही बेसूर.

"अहो, बाजूला व्हा."

"एवढा रस्ता रिकामा आहे की. तळं सोडून कुठूनही जा."

ती फणकाऱ्यानं पुढे गेली. फेरी पुरी करून तो पुन्हा त्याच वळणावर आला, तेव्हा ती बाकावर बसली होती आणि डावी नडगी दोन्ही हातांनी दाबत होती. त्याचं गाणं थांबलं.

"काय झालं?"

"कुठे काय... लेस सुटली."

त्यानं तिच्या बुटांकडे पाहिलं. "दोन्ही बांधलेल्या आहेत."

"मग परत सुटतील."

तो हसला. त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास येत होता आणि एका भुवईला पीठ लागलं होतं. तिला ते पुसावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

"भुवईला पीठ आहे तुमच्या."

"असणारच. बेकरीत आहे मी. पाव भट्टीतून सुटले की मीही सुटतो." त्यानं भुवई पुसली. चुकीची. "एक विचारू? मला मागे टाकताना बोलता येत होतं का तुम्हाला?"

"बोलले की. बाजूला व्हा म्हणाले."

"तेवढ्यातच धाप लागली होती. हलकं पळणं म्हणजे अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं. नुसते शब्द तुटून पडायला लागले की वेग कमी करायचा."

"तुम्ही कोण, प्रशिक्षक?"

"छे. घाईबाई दिसल्या की फुकट सल्ला देणारा माणूस."

घाईबाई. विशीतल्या मुलीला असं कुणी म्हणतं का? घरी जाईपर्यंत ती त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होती. एकापेक्षा एक झणझणीत. ती द्यायला म्हणून ती दुसऱ्या दिवशीही तळ्यावर गेली. तिसऱ्या दिवशी द्यायला काही उरलं नव्हतं, तरी गेली.

मग ते बोलत पळू लागले. खेळच झाला तो. ज्याचं वाक्य अर्धवट तुटेल त्यानं हरल्याचं कबूल करायचं आणि दोघांनी वेग कमी करायचा. पहिल्या आठवड्यात तीच हरत राहिली. पुढे पुढे तो तिला हसवून हरवायचा, आणि ही लबाडी आहे असं तिनं म्हटलं की, "हे वाक्य मात्र पूर्ण झालं हं," म्हणायचा. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेजारी पळण्यात एक सोय असते. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. त्यामुळे खरं बोलता येतं. तिनं त्याला आईबद्दल सांगितलं. आई घरीच शिवणकाम करायची आणि तिची पळायची चड्डी आईनं आता तिसऱ्यांदा कमरेत आत घेतली होती. शनिवारच्या वजनकाट्याबद्दल सांगितलं. सर सगळ्या मुलींना ओळीनं काट्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. म्हणून तो रोज कागदात बांधून आणायचा तो गरम पाव ती हुंगायची आणि परत द्यायची.

आणि एकदा, तळ्यावर भुरभुर पडत असताना, समोर बघत तिनं सांगितलं, "माझी पाळी थांबलीय. बरेच महिने झाले. सर म्हणतात, तयारी चांगली चालल्याची खूण आहे."

खूण आहे खरी, पण भलत्याच गोष्टीची. पोरीच्या अंगात इंधन उरलेलं नाही, याची खूण आहे. शरीर एकेक दिवा मालवत चाललंय आणि मैदानावरची शहाणी माणसं त्याला तयारी म्हणतायत. आणि पोरी तोंडातून ब्र काढत नाहीत, कारण बोललं तर संघातून नाव जाईल.

"मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला, "मी पाव भाजतो. पण आईला सांग. डॉक्टरीणबाईंना सांग. मला सांगून नुसतं... माझी झोप जाईल."

"तुझी का जाईल?"

"कारण तू..." त्याचं वाक्य तुटलं. तो हरला. ती हसली नाही.

निवड शर्यत रविवारी होती. ती जिंकली तर मोठ्या संघात जागा, मोठ्या मैदानावर सराव, सगळं. सरांच्या खोलीत त्या आठवड्यात रोज बैठक व्हायची आणि रोज ती भिंतीवरच्या एका जुन्या फोटोसमोर बसायची. शेवटच्या फेरीतला एक मुलगा. भिजलेले केस कपाळाला चिकटलेले, तोंड वाकडं, डावा पाय विचित्र पडलेला. "नडगीचं हाड मोडलं होतं याचं," सर प्रत्येक नव्या पोराला सांगायचे, "तरी थांबला नाही. दुसरा आला. याला म्हणतात पळणारा." शर्यतीला जाण्यापूर्वी ती त्या चौकटीच्या कोपऱ्याला हळूच बोट लावायची. दोन वर्षं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच.

गुरुवारी पाऊस जरा जास्त होता. वळणावर तो पुढे गेला आणि ती येतेय का, हे बघायला मागे वळला. केस कपाळाला चिकटले होते.

ती जागच्या जागी थांबली.

"तो फोटो... सरांच्या खोलीतला... तूच?"

तोही थांबला. "अजून आहे तो भिंतीवर?"

"तू बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? नमस्कार, मी तुमच्या भिंतीवर असतो?" तो बाकावर बसला. पाणी गळत होतं तिथेच. "हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला होता, माहितीये? वाळकी काटकी मोडावी तसा. सर दवाखान्यात आले. डोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू. आणि मग विचारलं, परत कधी उभा राहशील. राहिलो उभा. पण ते पाय परत आले नाहीत. त्याआधी कितीतरी दिवस नडगी दुखत होती. कुणी विचारलं की मी सांगायचो... लेस सुटलीय."

तिनं आपल्या बुटांकडे पाहिलं.

"आता तू मला सांगणार, रविवारी पळू नको म्हणून," ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम कडक केला.

"नाही सांगणार. पाय तुझा आहे. मी हुकूम सोडायला लागलो तर मी दुसरा सर झालो." त्यानं पावाची पुडी दोन्ही हातांत धरली होती, ती पार भिजली होती. "फक्त... मला पुढच्या वर्षीही तुझ्याशी बोलत पळायचंय. आणि त्याच्या पुढच्या वर्षी... एवढंच."

ती उभी होती, एक पाऊलही पळत नव्हती, आणि तिला धाप लागली होती.

घरी आईचं शिवणाचं मशीन चालू होतं. तिनं ओल्या कपड्यांनीच आईसमोर बसून सगळं सांगितलं. नडगी, पाळी, काटा. आईनं दातांनी दोरा तोडला.

"पोटची पोर तू माझी. तुझ्या कमरेचं माप तुझ्याआधी मला कळतं गं," आई म्हणाली, "तू सांगशील म्हणून वाट बघत बसले. चुकलंच माझं. कपडे बदल, दवाखाना उघडेलच एवढ्यात."

हाडाला तडा जायला लागला होता. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. पोटभर खा, झोप, मी सांगेपर्यंत पळू नको आणि मोडण्याआधी आलीस हे फार बरं केलंस, इतकंच म्हणाल्या.

शुक्रवारी ती सरांच्या खोलीत गेली.

"मी रविवारी पळणार नाही, सर."

"डोकं फिरलंय का? एवढी मेहनत घेतली तुझ्यावर..."

"हो. आणि मला अजून बरीच वर्षं पळायचंय." वाक्य पूर्ण झालं. "सर, नव्या मुलींना या फोटोतल्या मुलाची पुढची गोष्ट का नाही सांगत तुम्ही?"

सर फोटोकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्याला जे शिकवलं गेलं तेच तो शिकवत आला होता, आणि स्वतःच्या मोडक्या गुडघ्यानं अजून पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा.

"भेटतो तुला?" त्यांनी विचारलं. "कसा आहे?"

"पाव भाजतो. गातो."

"गातो? चांगला?"

"भयंकर."

सर हसले नाहीत. खुर्चीत बसले, तोंडावरून हात फिरवला आणि तिला जा म्हणून खुणावलं.

रविवारी ती प्रेक्षकांत बसली. जिला ती नेहमी हरवायची ती मुलगी जिंकली. ते बघून ती रडली, अगदी नाक लाल होईस्तोवर. बेकरीवाला शेजारी येऊन बसला. समजूत काढली नाही, नुसती पुडी पुढे केली. तिनं पाव पहिल्यांदा खाल्ला. अख्खा. मग त्याच्या वाटणीचाही.

मधले दिवस कंटाळ्याचे गेले, पण गेले. चड्डीची शिवण आईनं गुपचूप उसवून मोठी केली. पाळी परत आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिला पोटदुखीचा आनंद झाला. मैदानावरून मैत्रिणींनी बातम्या आणल्या. वजनकाट्यावर आता पाण्याचं पिंप ठेवलंय आणि भिंतीवर फोटोच्या जागी नुसता फिकट चौकोन उरलाय.

आणि एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी डॉक्टरीणबाईंची परवानगी घेऊन ती तळ्यावर आली. हलकं पळायला. इतकं हलकं, की एक आजोबा पुढे गेले. एक कुत्रं पुढे गेलं. तिनं जाऊ दिलं.

"जिवाला त्रास होतोय ना?" त्यानं विचारलं.

"प्रचंड." ती समोर बघत पळत होती. "तुला एक सांगायचंय. त्या फोटोतल्या मुलावर माझं दोन वर्षं प्रेम होतं."

"होतं?"

"मग कळलं, अगदीच मठ्ठ होता तो. थांबायचं कळत नव्हतं त्याला. दिला सोडून."

"बरं केलंस." त्याचा आवाज जरा बारीक झाला. "मग आता?"

"आता माझं एका बेकरीवाल्यावर प्रेम आहे. तो पुढे गेला की मागे वळून बघतो."

अख्खी दोन वाक्यं. कुठेही धाप नाही.

"मी... म्हणजे मला पण... तू..."

"काय झालं? वाक्य पूर्ण होत नाहीये?"

त्यानं नुसती मान हलवली.

"मग फार जोरात पळतोयस," ती म्हणाली, "वेग कमी कर."

त्यानं कमी केला. तिनंही केला. पळण्याचं चालणं झालं, चालण्याचं रेंगाळणं झालं, आणि तळ्याच्या वळणावर, त्या बाकापाशी, दोघं थांबले. त्याच्या भुवईला पीठ होतं. या वेळी तिनं ते पुसलं. बरोबर भुवईचं.

"आता येईल बोलता?"

"आता येईल," तो म्हणाला. आणि बोलला. कर्ता, कर्म, क्रियापद... सगळं.