बारावा बिल्ला

माझ्या मूर्खपणाची यादी लांबलचक आहे. ऑस्वाल्ड, म्हणजे माझा नवरा, ती आल्यागेल्याला तोंडपाठ म्हणून दाखवतो. मीठ समजून साखर घातलेलं बोंबलाचं कालवण तिच्यात आहे, हँडब्रेक लावून चालवलेली गाडी आहे. पण सगळ्यात मोठा मूर्खपणा तिच्यात नाही, कारण तो त्याला ठाऊकच नाही. मी एक माणूस बनवला होता. फॉर्म भरायला.

सत्त्याहत्तर साल. सातासमुद्रापार, वेरिबी शहराच्या पुढे गाडीने पाऊण तास गेलं की आमचं गाव. गाव कसलं, अकरा घरं, एक पत्र्याचा हॉल आणि चहूकडे कंबरेएवढं पिवळं गवत. ऑस्वाल्डला मोकळं आकाश हवं होतं, म्हणून आम्ही वसईची माणसं तिथे जाऊन पडलो. तो सकाळी गाडी काढून शहरात कामाला जायचा, दिवे लागायच्या वेळी परत. मधल्या वेळात माझ्याशी बोलायला वारा, आणि तोही इंग्रजीत.

त्या उन्हाळ्यात शेजारचं गाव पेटलं, तेव्हा आमच्या लोकांनी ठरवलं, आपली स्वतःची फायर ब्रिगेड हवी. पगार नाही, काही नाही. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं. कॅप्टन झाला मर्व्ह. मेंढ्या पाळायचा, आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचा, त्यातही कुठल्याही बाईला 'लव्ह' म्हणायचा. सेक्रेटरी झाले मी, कारण मीटिंगमध्ये पेन फक्त माझ्याकडे होतं.

वरच्या ऑफिसची अट अशी, की बारा सभासद दाखवा, तर ट्रक मिळेल. आमचे भरले अकरा. फॉर्म आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता. शेवटी एका दुपारी मी बारावं नाव लिहून टाकलं. विश्राम. मिंगेलसारखं आमचं ख्रिस्ती नाव लिहिलं असतं तर कोणीतरी "इटालियन का?" म्हणून भेटायला मागितलं असतं. विश्राम म्हटल्यावर उच्चारायच्याच भानगडीत कोण पडतंय! पत्ता दिला जुन्या खाणीजवळच्या कॉटेजचा, जी रिकामी होती. बुटांचा नंबर टाकला नऊ, ऑस्वाल्डचाच.

ट्रक आला. बारा हेल्मेटं, बारा जोड बूट आले. मर्व्हने यादी वाचली.

"हा विश कोण?"

विश्रामचा विश झालासुद्धा.

"आमच्याकडचा आहे. शिफ्टला असतो."

"रायटो."

रायटो, म्हणजे बरं. संपलं. ऑस्वाल्डलाही मी तेच सांगितलं; दिवसभर शहरात असणाऱ्याला तेवढं पुरलं. ज्या गावाने मला इतक्या दिवसांत "तू मूळची कुठली गं?" असं एकदा विचारलं नव्हतं, ते विश्रामची काय चौकशी करणार?

माझं काम दोन गोष्टींचं. एक, बिल्ले. भिंतीवर बारा खिळे, त्यांवर बारा पितळी बिल्ले, प्रत्येकावर नाव. ट्रकवर चढणाऱ्याने आपला बिल्ला काढून माझ्या टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचा, परत आल्यावर उचलून खिळ्याला लावायचा. डब्यात बिल्ला म्हणजे माणूस बाहेर आहे. डबा रिकामा झाल्याशिवाय हॉलला कुलूप नाही.

दुसरं, वायरलेस. दर बुधवारी दुपारी टेस्ट घ्यायची. ट्रकवरून मर्व्ह "ऐकतोय" म्हणायचा, की झालं. मग मी बटण सोडून, एकटीच त्या तापलेल्या हॉलमध्ये बसून म्हणायचे, "विश्राम, ऐकतोस ना?" आणि आवाज जरा घोगरा करून, लांबवून, त्याचं उत्तरही मीच द्यायचे. आज काय रांधलंस? पाव मिळाला का? हसा मला हवं तर. दिवसभरात तेवढंच मराठी माझ्या कानावर पडायचं.

चार वर्षं अशी गेली. मग एक्क्याऐंशीचा जानेवारी, म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. शनिवार, त्रेचाळीस डिग्री. जेवणं उरकत होती आणि भोंगा झाला. मर्व्ह, ऑस्वाल्ड आणि पलीकडच्या घरातले दोघे भाऊ निघाले. डब्यात चार वेळा टणकन वाजलं. ऑस्वाल्ड कुठेही निघाला की "येतो गं" म्हणायचा. त्या दिवशी घाईत राहून गेलं.

साडेतीनला वारा फिरला. आधी सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला, मग दिसेनासा. भरदुपारी हॉलमध्ये अंधार पडला. दिवा लावायला गेले, तर वीज गेलेली. जळक्या लोकरीचा वास दाराखालून आत येत होता. पत्र्यावर काहीतरी बारीक पडत होतं... पावसासारखं, पण कोरडं.

बॅटरीवरचा वायरलेस खरखरला. मर्व्ह.

"धुरात अडकलोय. काही दिसत नाही. पुलाकडे निघतोय."

मग नुसती खरखर. आणि त्या खरखरीतून, अगदी जवळून...

"सबीना... पुलाकडे नको."

मराठीत. माझ्या नावाने.

"डाव्या हाताची तार तोडायला सांग... पलीकडे काळं आहे."

काळं म्हणजे जळून गेलेली जमीन. मर्व्हने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, जळलेलं पुन्हा जळत नाही, जीव वाचवायचा तर काळ्यात घुसा. पण मला हुडहुडी भरली ती त्या आवाजाने. घोगरा, लांबवलेला. दर बुधवारचाच. फरक एवढाच, की ह्या वेळी माझं तोंड मिटलेलं होतं.

सांगावं की नाही? चुकलं असतं तर चार माणसं मी बनवलेल्या एका खोट्या माणसाच्या नादाने जळून गेली असती, आणि त्यातला एक माझा. मी बटण दोन्ही हातांनी दाबलं.

"मर्व्ह, पूल नको. डावीकडचं कुंपण तोडा. पलीकडे काळं आहे."

"कोण म्हणतं?"

"...विश."

"रायटो."

मग काहीच नाही. मी हाका मारत राहिले. खरखरसुद्धा येईना. काहीतरी करायचं म्हणून अंधारात डबा जवळ ओढला आणि बिल्ले बोटांनी चाचपले. एक, दोन, तीन, चार... पाच. पुन्हा मोजले. पाच. भिंतीकडे गेले, खिळ्यांवरून हात फिरवला. शेवटचा, विश्रामचा खिळाही मोकळा होता. मी तिथेच भिंतीला पाठ लावून बसले. त्या डब्याकडे पाठ करायची माझी हिंमत झाली नाही.

पाचच्या सुमारास उजेड परत आला, आणि त्याच्यामागून ट्रक. काळी तोंडं, पांढरे डोळे. लाकडी पूल जळून कोसळला होता, भावांपैकी एक म्हणाला, ते तार तोडून आत घुसले त्यानंतर दोनच मिनिटांनी. ऑस्वाल्डने माझ्या हातातला गार चहा एका दमात संपवला. "रडतेस काय? आलो ना," म्हणाला, आणि पदराला पुसावेत तसे माझ्या फ्रॉकला हात पुसून बिल्ला घेऊन गेला. एकेक जण बिल्ला लावून बाहेर पडला.

मी डब्यात पाहिलं. रिकामा.

भिंतीवर बाराच्या बारा होते. शेवटच्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तापलेला होता.

बाहेर मर्व्ह एकटाच पाण्याचा पाइप गुंडाळत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मर्व्ह, तुला एक सांगायचंय. विश नावाचा कोणी माणूस नाही. मी बनवला तो. फॉर्मसाठी."

त्याने हात थांबवला नाही.

"मग नीट बनवायचा ना, लव्ह," तो म्हणाला. "बूट चावतात म्हणत होता. दहा नंबर लागतो त्याला."